आईने महिन्याचे वीस हजार मागितले

प्रश्न

डोंबिवलीत राहणाऱ्या ३२ वर्षांच्या एका वाचकांचे हे पत्र आहे. ते अविवाहित असून ऐरोलीतील एका कंपनीत नोकरी करतात आणि त्यांच्या हातात दरमहा ६८ हजार रुपये पगार येतो. वडील राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त झाले होते. चार वर्षांपूर्वी, वयाच्या ६७व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. वडिलांच्या नावावरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये आता आई आणि मुलगा असे दोघेच राहतात. विवाहित बहीण नाशिकला असते. आईला कुटुंब निवृत्तिवेतनाचे २२ हजार रुपये मिळतात. गेल्या महिन्यात आईने सांगितले, की यापुढे दर महिन्याच्या सुरुवातीला घरखर्चासाठी २० हजार रुपये देत जा. घर चालवायला महिन्याला ३६ हजार लागतात आणि आरोग्य विमा, महापालिकेचा मालमत्ता कर, गणपती-दिवाळी असे मिळून वर्षाला आणखी ७२ हजार जातात, असे तिचे म्हणणे आहे. वाचकांना हे आकडे फुगवलेले वाटतात. ते स्वतः इंटरनेटचे बिल भरतात, ॲपवरून किराणा मागवतात, मागच्या वर्षी त्यांनी आपल्या खोलीत एसी आणि बाहेरच्या खोलीत मोठा टीव्ही बसवला. महिन्याला आठ-नऊ हजार रुपये आपण घरासाठी खर्च करतोच, असे ते लिहितात. स्वतःचे घर घेण्यासाठी ते दरमहा २५ हजार रुपये गुंतवतात. आईला अलीकडे वडिलांच्या फंडाची एक ठेव मोडावी लागली, असाही उल्लेख पत्रात येऊन जातो. बहीण म्हणते, द्यायलाच हवेत. एक मित्र म्हणतो, आईशी भाडेकरार कर आणि करसवलत घे. वाचकांचा प्रश्न असा आहे, की घर आपलेच आहे, आईला पेन्शन आहे, मग तिने पोटच्या मुलाकडून ठरावीक रक्कम मागून त्याला पेइंग गेस्ट का करावे?

उत्तर

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे आणि लगेच टीव्हीकडे वळला आहात. आईला वडिलांच्या फंडाची ठेव मोडावी लागली, ते हे वाक्य. ठेव कशासाठी मोडली, कोणत्या महिन्यात मोडली आणि त्यातले किती उरले, हे तुम्ही लिहिलेले नाही. बहुधा तुम्ही ते विचारलेलेही नसावे. तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या ठेवीपाशी आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

"आईला पेन्शन आहे" असे तुम्ही दोन ठिकाणी म्हणता. ती आहे, पण ती तुमच्या वडिलांच्या पेन्शनइतकी नाही. वडील हयात असताना त्यांना मिळणारे निवृत्तिवेतन सर्वसाधारणपणे शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे असते. त्यांच्या पश्चात पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन मूळ वेतनाच्या ३० टक्के असते. कर्मचाऱ्याचा मृत्यू सेवेत असताना किंवा निवृत्तीनंतर लवकर झाला तर काही वर्षे वाढीव दर मिळतो, परंतु तुमचे वडील ६७व्या वर्षी गेले, त्यामुळे तुमच्या घरात ती सोय झालेली नसावी. महागाई भत्ता दोन्हींवर सारख्याच टक्क्यांनी मिळत असल्यामुळे फरक तसाच राहतो. म्हणजे चार वर्षांपूर्वी तुमच्या घराचे ठरलेले उत्पन्न एका महिन्यात सुमारे दोन पंचमांशांनी घटले. सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, गॅस, धुण्याभांड्याच्या बाईंचा पगार यांतले काहीही त्या प्रमाणात घटले नाही. माणूस गेल्यावर तांदूळ थोडे कमी लागतात, बाकी घर तेवढेच राहते. ही तूट गेली चार वर्षे कुणीतरी भरून काढली आहे आणि ती तुम्ही भरलेली नाही.

आता तुम्हाला फुगवलेले वाटणारे आकडे पाहू. महिन्याच्या ३६ हजारांतून आईचे २२ हजार वजा केले की १४ हजार उरतात. वर्षाच्या ७२ हजारांचे महिन्याला ६ हजार होतात. दोन्हींची बेरीज २० हजार. तिने मागितलेली रक्कम एवढीच आहे. ती मनाला येईल तशी सांगितलेली नाही, मांडून सांगितलेली आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या मांडणीत तिने आपले निवृत्तिवेतन शेवटच्या रुपयापर्यंत घरात घातले आहे. नवा चष्मा, नाशिकच्या नातवंडांच्या हातावर ठेवायचे चार पैसे, मैत्रिणींबरोबर एखादी अष्टविनायकाची यात्रा, यांतले काहीही त्यात धरलेले नाही. त्यामुळे वीस हजार जास्त आहेत का, या तुमच्या प्रश्नावर माझे मत असे, की रक्कम फारतर कमी असेल.

तरीही तुमची शंका मी उडवून लावत नाही. ज्याने पैसे द्यायचे त्याला ते कशाचे आहेत हे समजून घेण्याचा हक्क आहे, आणि ३६ हजारांत तुम्ही भरता ते इंटरनेटचे बिल धरले आहे की नाही, वीजबिल आत आहे की बाहेर, हे तुमच्या पत्रावरून मला कळलेले नाही. फक्त हा हिशेब तपासणीच्या सुरात मागू नका. अनेक घरांत तो आधीच लिहिलेला असतो: दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख कालनिर्णयच्या पानामागे, औषधांची बिले टीव्हीखालच्या खणात, मेंटेनन्सच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. आईबरोबर एका रविवारी बसा आणि मागच्या तीन महिन्यांचे तिला सांगू द्या, तुम्ही लिहून घ्या. ज्या गोष्टी रोज दारात येतात आणि तुम्ही ऑफिसला निघाल्यावर येतात, त्या गोष्टी घर चालवायला लागतात हेच अनेक कमावत्या मुलांना ठाऊक नसते.

तुमच्या आठ-नऊ हजारांविषयीही बोलायला हवे, कारण तुमच्या दुखावले जाण्याचे मूळ तिथे आहे. आपण करतो आहोत आणि ते मोजले जात नाही, असे तुम्हाला वाटते. ते मोजले जायला हवे, यात शंका नाही. पण त्या खर्चातल्या बहुतेक वस्तू कोणी निवडल्या, हे पाहा. टीव्ही तुम्हाला हवा होता. एसी तुमच्या खोलीत आहे. ॲपवरून येणाऱ्या किराण्यात काय असते, हे तुम्ही लिहिले नाही, परंतु तरुण मुलाने रात्री अकरा वाजता मागवलेल्या किराण्यात तूरडाळ आणि धुण्याची पावडर क्वचितच असते, एवढे अनुभवावरून म्हणू शकते. आईला त्या आठवड्यात गोडेतेल आणि गहू हवे असतील, तर तुमचे चीज आणि मखाणे आल्याने तिचा खर्च कमी होत नाही. उलट आपण सांगितलेले नाही असे काहीतरी घरात येऊन पडते आणि ते संपवण्याची जबाबदारीही तिच्यावरच येते. तुम्ही देता ते तुमच्या सवडीने आणि तुमच्या पसंतीने देता. दुधाचे बिल मात्र तुमच्या सवडीची वाट पाहत नाही. आई ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम मागते आहे, ती मला वाटते एवढ्याचसाठी, की महिन्याचा बेत तिला आधी करता यावा आणि प्रत्येक वेळी तुमच्याकडे तोंड उघडावे लागू नये.

एसीचा मुद्दा थोडा तपशिलात सांगण्यासारखा आहे, कारण ज्या घरांत एका खोलीत एसी आहे आणि बिल दुसऱ्याच्या खात्यातून जाते त्या सगळ्या घरांना तो लागू पडतो. महावितरणच्या घरगुती दरांत पहिली १०० युनिटे स्वस्त असतात, त्यापुढे ३०० पर्यंत दर बराच चढतो आणि ३०० च्या पुढे आणखी चढतो. दोन माणसांचे साधे घर पंखे, दिवे, फ्रिज आणि धुलाई यंत्र धरून पहिल्या दोन टप्प्यांत सहज बसते. दीड टनाचा एसी रोज रात्री आठ तास चालला तर एकटा महिन्याला दोनशे-अडीचशे युनिटे खातो, आणि ही युनिटे घराच्या बाकी वापरावर चढत असल्यामुळे ती वरच्या, महाग टप्प्यांत जाऊन पडतात. त्यामुळे उन्हाळ्यात बिल "निम्मे-निम्मे" वाटून घेणे हा न्याय नव्हे. सोपा उपाय असा, की वीजबिल पूर्णपणे तुमच्याकडे घ्या, ते बँकेतून परस्पर भरले जाईल अशी व्यवस्था करा, आणि ते ३६ हजारांत धरलेले असेल तर तेवढे वीस हजारांतून वजा करा.

पेइंग गेस्ट या शब्दाने तुमच्या पत्रात चार वेळा हजेरी लावली आहे, त्यामुळे तो तुम्हाला किती टोचतो आहे हे दिसते. पण पेइंग गेस्ट संध्याकाळी उशीर होणार असेल तर जेवणाचे कळवतो, स्वतःची चादर बदलतो आणि घरमालकिणीने आपले दुखणे सांभाळावे अशी अपेक्षा ठेवत नाही. तुम्ही घरातले आहात म्हणूनच तुमच्याकडे मागणी झाली आहे. पाहुण्याकडे कुणी मेंटेनन्सचा वाटा मागत नाही. तुमच्या आजोबांच्या काळात, आणि बऱ्याच घरांत तुमच्या वडिलांच्या काळातही, नोकरीला लागलेला मुलगा पगाराचे पाकीट आईच्या किंवा वडिलांच्या हातात ठेवत असे आणि त्यातून आपल्या लोकलच्या पासाचे पैसे परत मागून घेत असे. त्या पद्धतीत अन्यायही पुष्कळ होता, विशेषतः थोरल्या मुलांवर आणि कमावत्या अविवाहित मुलींवर, आणि ती परत यावी असे मला मुळीच वाटत नाही. मात्र घरात मुलाने पैसे देणे हे आपल्याकडे परक्यासारखे मानले जात होते, हा समज खरा नाही. पगार बँकेत जमा होऊ लागला, पाकीट दिसेनासे झाले आणि देण्याची सवयही त्याबरोबर गेली, एवढेच झाले.

या विषयात पैशांइतकेच काम मोजायला हवे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले, की घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. तुमची आई ६४ वर्षांची असेल किंवा त्याच्या आगेमागे. सकाळचा डबा, कपड्यांच्या घड्या, बाई आली नाही त्या दिवशीची भांडी, सोसायटीच्या प्लंबरची वाट पाहत थांबणे, ही कामे वीस हजारांत कुठेही धरलेली नाहीत आणि ती धरावीत असेही तिने म्हटलेले नाही. माझे म्हणणे असे, की पैसे देऊ लागल्यावर "आता मी देतो ना" या भावनेने घरकामातून उरलासुरला हात काढून घेण्याची चूक करू नका. शनिवार-रविवारचा स्वयंपाक किंवा आठवड्याची भाजी, कोणतेही एक काम पूर्ण आपल्याकडे घ्या. आईने यादी करून दिली आणि तुम्ही पिशवी उचललीत, तर यादीचे काम तिच्याकडेच राहते.

काही हितचिंतक तुम्हाला सांगतील, की बाहेर खोली भाड्याने घेऊन डबा लावलास तर याहून जास्त पडेल, म्हणून मुकाट्याने दे. हा युक्तिवाद मला आवडत नाही. बाजारभावाशी तुलना केली की आईच्या घराचाही बाजारभाव ठरतो, आणि मग उद्या तुम्ही स्वस्त खोली शोधलीत तर आईची मागणी अवाजवी ठरेल. रक्कम घराच्या खऱ्या गरजेवरून आणि दोघांच्या ऐपतीवरून ठरावी. दोघांच्या उत्पन्नाची बेरीज ९० हजार होते. महिन्याचा सरासरी खर्च, वर्षाचे खर्च धरून, ४२ हजार. त्यातले २२ हजार आईचे म्हणजे तिच्या उत्पन्नाचे शंभर टक्के. २० हजार तुमचे म्हणजे तुमच्या उत्पन्नाचे तीस टक्क्यांहून कमी.

तुमच्या घर घेण्याच्या स्वप्नाविषयी मात्र मला खरी आस्था आहे आणि त्याला काही धक्का बसणार नाही असे खोटे सांगणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांहून जास्त आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते. म्हणजे ६० लाखांच्या घरासाठी १२ लाख रुपये स्वतःचे हवेत, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी, अंतर्गत काम हे वेगळे. दरमहा २५ हजार बाजूला टाकले तर व्याज किंवा वाढ न धरता १२ लाख जमायला चार वर्षे लागतात. तेच १४ हजारांवर आले तर सात वर्षांहून जास्त. फरक मोठा आहे. परंतु वाढीव रक्कम गुंतवणुकीतूनच काढावी लागेल, असे तुम्ही गृहीत धरले आहे. ६८ हजारांतून २५ हजार गुंतवणूक आणि ९ हजार घरासाठी वजा केले तर ३४ हजार उरतात, आणि त्यांचा तुमच्या पत्रात कुठेही उल्लेख नाही. आईच्या वीस हजारांवर दोन पाने लिहिणाऱ्या माणसाने आपल्या चौतीस हजारांना एक ओळही देऊ नये, याची मला थोडी गंमत वाटली. आईचा हिशेब तपासायला बसाल त्याच रविवारी आपलाही उघडा. तुमचे आताचे आठ-नऊ हजार त्यात वळते झाले तर नवा भार अकरा-बारा हजारांचा आहे, आणि तो या चौतीस हजारांतून निघण्यासारखा असावा.

आता तुमच्या मित्राच्या सल्ल्याकडे येते. पालकांच्या घरात राहून त्यांना खरोखर भाडे देणे आणि घरभाडे भत्त्यावर करसवलत घेणे हे बेकायदेशीर नाही. भाडे बँकेतून गेले पाहिजे, पावत्या हव्यात, वर्षाचे भाडे एक लाखाहून जास्त असेल तर पालकाचा पॅन क्रमांक कंपनीला द्यावा लागतो, आणि पालकाने ते भाडे आपल्या विवरणपत्रात उत्पन्न म्हणून दाखवावे लागते. त्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. पण नव्या कररचनेत घरभाडे भत्त्याची ही सवलतच नाही, आणि आता तीच रचना आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर ती निवडावी लागते. तुमच्या कंपनीत तुम्ही कोणती निवडली आहे, हे आधी पाहा. याहून मोठी अडचण पुढे आहे: ज्या घराचे तुम्ही स्वतः मालक आहात त्या घराचे भाडे दाखवून ही सवलत मिळत नाही, आणि तुम्ही या घराचे काही अंशी मालक असण्याची पुरेपूर शक्यता आहे.

हे वाचून तुम्हाला आश्चर्य वाटेल, कारण पत्रात तुम्ही घराला कधी "आईचे" म्हणता, कधी "आपले". घर वडिलांच्या नावावर होते, आणि मृत्युपत्राचा तुम्ही काही उल्लेख करत नाही. मृत्युपत्र नसेल आणि तुम्हाला हिंदू उत्तराधिकार कायदा लागू होत असेल, तर पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचा त्यावर सारखा वाटा येतो. आजी हयात असत्या तर त्यांचाही आला असता. सोसायटीच्या कागदावर आईचे नाव नॉमिनी म्हणून असले तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनीने सर्व वारसांच्या वतीने घर सांभाळायचे असते. याचा अर्थ तुमचा, बहिणीचा आणि आईचा एकेक तृतीयांश. भाडेकराराचा कागद करण्यापूर्वी हा विषय वकिलाकडून समजून घ्या. तोपर्यंत करसवलत बाजूला ठेवून घरखर्चाचे पैसे घरखर्चाचे म्हणूनच द्या. मुलाने आईला दिलेल्या रकमेवर आईला आयकर लागत नाही, आणि त्यातून तिने काही शिल्लक टाकली तर तिचे व्याज तुमच्या उत्पन्नात मिळवले जात नाही.

बहिणीने काय द्यावे, हेही याच ठिकाणी सुटते. गॅस, दूध, वीज, मेंटेनन्स हे जे राहतात त्यांचे खर्च आहेत. नाशिकला राहणाऱ्या बहिणीने ते देण्याचे कारण नाही, आणि "द्यायलाच हवेत" असे ती म्हणते तेव्हा तिच्यावर चिडण्याचेही नाही. आईचा आरोग्य विमा आणि मोठे आजारपण ही दोघा मुलांची जबाबदारी आहे; पालक आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्यात मुलगा आणि मुलगी असा भेद केलेला नाही. इमारतीच्या मोठ्या कामांचे तिसरेच. तुमची इमारत किती जुनी आहे हे तुम्ही लिहिले नाही, पण सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायची असते, आणि त्यातून निघणारी दुरुस्ती कधी प्रत्येक सभासदाला लाखाच्या घरात जाते. ती रक्कम मालकीच्या प्रमाणात तिघांनी उचलावी. तुम्ही एकट्याने दिलीत तर बहिणीला व्हॉट्सॲपवर तरी लिहून ठेवा आणि तिचा होकार घ्या. उलट, "मी दहा वर्षे घर चालवले" या आधारावर घरात जास्तीचा वाटा मागण्याचा विचार मनात असेल तर तो आताच काढून टाका. दोन भावंडांना कायमचे तोडायला एवढे एक वाक्य पुरते.

आईशी बोलताना "किती" या प्रश्नावर आधी येऊ नका. ठेवीपासून सुरुवात करा: कोणती मोडली, का मोडली, आणखी किती आहेत. तिने सांगायला कां-कूं केले तर दोन दिवस जाऊ द्या, पण विषय सोडू नका. नवऱ्याच्या पश्चात पैशांची चणचण मुलांपासून लपवणे अनेक स्त्रियांना कर्तव्य वाटते. मग पुढच्या महिन्यापासून पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या खात्यात रक्कम जाईल अशी सूचना बँकेला देऊन टाका. त्या पैशांचे पुढे काय झाले हे विचारू नका. त्यातले दोन हजार तिने नातीच्या वाढदिवसाला दिले किंवा पोस्टात टाकले, तरी तो तिचा निर्णय. ॲपवरची खरेदी फक्त तुमच्या आवडीच्या खाण्यापुरती ठेवा आणि ती देण्यातून वजा धरू नका. वर्षातून एकदा, मेंटेनन्स किंवा विम्याचा हप्ता वाढतो त्या सुमारास, आकडा पुन्हा पाहायचा असे दोघांनी ठरवा, म्हणजे मधल्या काळात कुणालाच तो विषय काढावा लागणार नाही. आणि मोडलेली ठेव जमेल तशी भरून द्या. ६० वर्षांवरील व्यक्तींसाठीच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत दर तिमाहीला व्याज मिळते, ते तिच्या हातखर्चाला उपयोगी पडेल.

अशीच पत्रे इतरांचीही येतात, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. पगार वीस-बावीस हजार असलेल्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींनी तीस टक्क्यांचा हिशेब धरू नये. दोन हजार रुपये आणि एखादे बिल एवढेही पुरे, पण ते पहिल्या पगारापासून सुरू करावे. ज्यांचे आईवडील सुस्थितीत आहेत आणि पैसे घेत नाहीत, त्यांनी विमा, सोसायटीचा मेंटेनन्स किंवा कामाच्या बाईंचा पगार यांतला एक खर्च स्वतःकडे घ्यावा. जुनी कररचना निवडली असेल तर ज्येष्ठ नागरिक पालकांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावर वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंत वजावटही मिळते. कमावत्या मुलींना मी वेगळे सांगते, कारण त्यांच्या घरी "लेकीच्या पैशाला हात लावायचा नाही" हा जुना नियम आडवा येतो. ज्या घरात मुलीचे पैसे नाकारले जातात, त्याच घरात पुष्कळदा निर्णयातही तिला धरले जात नाही, म्हणून तिने प्रेमाने पण हट्टाने आपला वाटा उचलावा. आणि ज्यांच्याकडून सगळा पगार मागितला जातो, ज्यांचे एटीएम कार्ड वडिलांच्या खिशात असते, किंवा ज्यांनी दिलेले पैसे एका भावाचे कर्ज फेडण्यात जातात, त्यांचा प्रश्न घरखर्चाचा नाही. त्यांनी घराचा खरा खर्च मांडून तेवढाच वाटा द्यावा, पगाराचे खाते आपल्या एकट्याच्या ताब्यात ठेवावे आणि उरलेल्या रकमेला ठामपणे नकार द्यावा.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण पुढे येणार आहे. तुम्ही बत्तीस वर्षांचे आहात, लग्नाचे पाहत असाल. आज तुमच्यात आणि आईत जे ठरेल ते लग्नानंतर घरात येणाऱ्या मुलीला तयार रीत म्हणून मिळेल, आणि तिची कमाई, तिचा वाटा यांवर तुम्ही दोघे तिच्याशी मोकळेपणाने बोलू शकाल. आज काहीच ठरवले नाही, तर दोन वर्षांनी आईने मागितलेले हेच वीस हजार सासूने मागितलेले ठरतील. म्हणून मुली पाहायला सुरुवात करण्याआधी तो रविवार गाठा, आणि घराच्या मालकीचे कागद वकिलाला दाखवून घेण्याचे कामही त्याच महिन्यात, बहिणीला सांगून, मार्गी लावा.